विसावे शतक आणि पाळण्यातले मरण

विसावे शतक संपून आता पाव शतक लोटले. या शतकाने जगाचा कायापालट केला, असे आपण सर्वच म्हणतो. पण त्यातील सर्वांत मोठा बदल कोणता, असे विचारले तर उत्तरे निरनिराळी येतात. कोणी विमानाचे नाव घेतो, कोणी संगणकाचे, तर कोणी अणुबॉम्बचे. साम्राज्ये मोडली आणि गुलाम देश स्वतंत्र झाले, असेही कोणी सांगेल. ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु आम्हांस वाटते की, जगातील जवळजवळ प्रत्येक घराचा उंबरठा ओलांडून जो बदल आत आला तो यांपैकी कोणताच नाही. जन्मलेले मूल जगेल, अशी खात्री आईबापांना वाटू लागली, हा तो बदल होय. मानवाच्या ज्ञात इतिहासात अशी खात्री पूर्वी राजालाही नव्हती आणि रंकालाही नव्हती.

विद्यार्थी मित्रांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना जुन्या पिढीतील माणसांची नावे विचारून पाहावीत. धोंडू, दगडू, केरू, भिकू, उकिरडा अशी नावे हमखास निघतील. ही नावे कोणी हौसेने ठेवलेली नव्हती. दोन-तीन मुले दगावल्यानंतर झालेल्या मुलाला दृष्ट लागू नये, मृत्यूला ते मूल टाकाऊ वाटावे, या भाबड्या आशेने ती ठेवली जात. एका अर्थी ही नावे म्हणजे त्या काळच्या बालमृत्यूची खानेसुमारीच आहे. आज अशी नावे कोणी ठेवीत नाही. ती जुनाट वाटतात म्हणून ठेवीत नाही, असे आपण समजतो. परंतु ज्या भीतीतून ती जन्मली ती भीतीच ओसरली, हे खरे कारण आहे.

आता थोडे आकडे पाहू. १९०० साली जगातील माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. २००० साली ते सुमारे ६६ वर्षे झाले. म्हणजे एका शतकात ते दुप्पट झाले. आपल्या देशात १९११ ते १९२१ या दशकात ते वीस वर्षांच्या आसपास उतरले होते, स्वातंत्र्याच्या सुमारास ३२ होते आणि आज ते सत्तरीला पोहोचले आहे.

येथे पुष्कळांचा एक गैरसमज होतो. सरासरी आयुर्मान ३२ म्हणजे त्या काळी माणसे तिशीतच म्हातारी होऊन मरत, असे नव्हे. समजा, दहा मुले जन्मली. त्यांपैकी चार वर्षाची होता होताच दगावली आणि उरलेली सहा ५५ वर्षे जगली. या दहांच्या वयाची बेरीज केली तर ३३४ येते आणि सरासरी पडते ३३ वर्षे. प्रत्यक्षात मात्र त्या दहांपैकी एकही जण तेहतिसाव्या वर्षी मेलेला नाही. सरासरी खाली ओढली ती त्या चार लहानग्यांनी. शतकाच्या आरंभी जगातील दर तीन मुलांपैकी एकाहून अधिक मूल पाच वर्षांचे होण्यापूर्वीच मरत असे. म्हणूनच आयुष्य दुप्पट झाले असे आपण म्हणतो, तेव्हा त्याचा मुख्य अर्थ म्हातारपण लांबले असा नसून पाळण्यातले मरण कमी झाले असा आहे.

आपल्याला सर्वांत परिचित असलेल्या घराचेच उदाहरण घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे रामजी आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य होते. त्यांच्या भावंडांपैकी बहुतेक लहानपणीच गेली. पुढे बाबासाहेब आणि रमाबाई यांना पाच मुले झाली. त्यांपैकी यशवंतराव तेवढे जगले. रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न ही चारही बालपणीच गेली. राजरत्न गेला ते साल १९२६. तोपर्यंत बाबासाहेब परदेशातील उच्च पदव्या मिळवून बॅरिस्टर होऊन आलेले होते. इतक्या मोठ्या विद्वानाच्या घरी ही स्थिती, तर गावकुसाबाहेरच्या झोपडीत काय होत असेल, याची कल्पना करावी. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात गिरणी कामगार स्त्रियांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता मिळावा, यासाठी विधेयक आले. त्याला बाबासाहेबांनी भाषण करून पाठिंबा दिला आणि पुढील वर्षी त्याचा कायदा झाला. या भाषणामागे घरातील ते चार पाळणे होते असे आम्ही म्हणणार नाही. पण भाषण वाचताना ते आठवल्यावाचून राहत नाहीत.

श्रीमंतांची तरी सुटका होती काय? १९२४ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांच्या सोळा वर्षांच्या मुलाला टेनिस खेळताना पायाच्या बोटाला फोड आला. त्या फोडातून विष अंगात भिनले आणि आठवडाभरात मुलगा गेला. जगातील उत्तमोत्तम डॉक्टर उशाशी होते, पण त्यांच्या हाती औषध नव्हते. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लागला, आणि फ्लोरी व चेन यांच्या प्रयत्नाने ते माणसाला टोचण्यायोग्य व्हायला १९४१ साल उजाडले. आपल्याकडे पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. राष्ट्राध्यक्षाच्या मुलाला जे औषध मिळाले नाही, ते तीस वर्षांनी पुण्याजवळ तयार होऊ लागले!

शतकाची सुरुवात आपल्याकडे फारच भयंकर झाली. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग असल्याचे मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आजही त्यांचे नाव चालवीत आहे. त्याच वर्षी १० मार्चला, पुण्याच्या परिसरात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता, सावित्रीबाई फुले यांना मृत्यू आला. पुढील वीस-पंचवीस वर्षांत या रोगाने देशातील एक कोटीहून अधिक माणसे नेली. तो ओसरतो न ओसरतो तोच १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरातून आत शिरली आणि अवघ्या काही महिन्यांत एक कोटीच्या वर बळी घेऊन गेली. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. असे त्यानंतर कधीच झालेले नाही.

पण आमच्या मते या शतकाची खरी कथा देवीच्या रोगाची आहे आणि ती जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

देवी हे रोगाचे नावच पुष्कळ काही सांगून जाते. रोग आला म्हणजे देवी कोपली, असे समजून तिची पूजा होई, कडुलिंबाचे डहाळे बांधले जात, औषध निषिद्ध मानले जाई. ज्यांना रोग होई त्यांतील शंभरांपैकी सुमारे तीस मरत. जे वाचत त्यांच्या तोंडावर कायमचे व्रण राहत आणि काहींचे डोळे जात. विसाव्या शतकात या एका रोगाने जगात सुमारे तीस कोटी माणसे मारली, असा अंदाज आहे. दोन्ही महायुद्धांत मिळून पडलेल्यांहून ही संख्या कितीतरी मोठी आहे.

आश्चर्य असे की, या रोगावरचा उपाय फार पूर्वीच माहीत होता. इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ सालीच गाईच्या देवीपासून लस टोचण्याचा प्रयोग केला होता. आपल्या मुंबईत १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातील पहिली लस टोचण्यात आली. मग पुढे पावणेदोनशे वर्षे हा रोग का टिकून राहिला?

याचे उत्तर शोधू गेल्यास एक गोष्ट स्पष्ट होते. ज्ञान असणे निराळे आणि ते शेवटच्या घरापर्यंत पोहोचणे निराळे. जुन्या काळी लस बाटलीत येत नसे. एका मुलाच्या दंडावर उठलेल्या फोडातील पाणी दुसऱ्या मुलाच्या दंडाला टोचीत, अशी ती हातोहात पुढे जाई. मग ज्याच्या दंडातील ती घ्यायची ते मूल कोणत्या जातीचे, हा प्रश्न आलाच! खालच्या मानलेल्या जातीच्या मुलाची लस घेण्यास वरच्या म्हणविणाऱ्या जातींचे लोक नकार देत. जीव वाचविणाऱ्या औषधालाही विटाळ चिकटविणारा समाज जगात दुसरा क्वचितच सापडेल. पुढे वासरांपासून लस तयार होऊ लागली तेव्हा ही अडचण सरली, पण दुसरी उरली. आपल्या उन्हाळ्यात लस काही दिवसांतच निकामी होई. गावोगाव हिंडणारा देवी डॉक्टर टोचून जाई, आईबाप निश्चिंत होत आणि मुलाला मात्र देवी येतच.

१९५० नंतरच्या दशकांत तीन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे लेस्ली कोलियर या इंग्रज शास्त्रज्ञाने लस गोठवून सुकविण्याची रीत बसविली; ही भुकटी उन्हातही महिनेच्या महिने टिकू लागली. दुसरी गोष्ट एक साधी सुई. १९६५ च्या सुमारास बेंजामिन रुबिन यांनी दुभंगलेल्या टोकाची सुई काढली. ती लसीत बुडविली की दोन टोकांमध्ये नेमका एक थेंब अडकतो. मग दंडावर पंधरा वेळा भराभर टोचायचे. पूर्वी जेवढ्या लसीत एकाचे काम होई तेवढ्यात आता चौघांचे होऊ लागले. शिवाय ही सुई वापरायला डॉक्टर असण्याची गरज उरली नाही. थोडक्या वेळात कोणीही शिकून घेऊ शकत असे.

तिसरी गोष्ट मात्र वस्तू नसून विचार होता. १९६६ च्या डिसेंबरात पूर्व नायजेरियात साथ आली. तेथे काम करणारे अमेरिकन डॉक्टर विल्यम फॉगी यांच्याजवळ सर्वांना पुरेल एवढी लस नव्हती. म्हणून त्यांनी रोगी कोठे आहेत ते शोधून काढले आणि फक्त त्यांच्या भोवतालच्या माणसांना लस टोचली. रोग्याभोवती असे कडे केल्यावर रोगाला पुढे जायला माणूसच मिळेना आणि साथ थांबली. सर्वांना टोचण्यापेक्षा नेमके शोधून टोचणे अधिक उपयोगी ठरले.

१९६७ साली जागतिक आरोग्य संघटनेने जोरदार मोहीम हाती घेतली तेव्हा जगात दरवर्षी एक कोटीहून अधिक लोकांना देवी येत होत्या. या कामात शीतयुद्धातील दोन्ही बाजू एकत्र होत्या. मूळ ठराव १९५८ साली रशियाच्या व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी मांडलेला आणि मोहिमेचे प्रमुख अमेरिकेचे डी. ए. हेंडरसन! रशियाने लस मोठ्या प्रमाणावर फुकट पुरविली. एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेली ही दोन राष्ट्रे बिहारच्या खेड्यातील मुलांसाठी एकत्र काम करीत होती, हे आजच्या विद्यार्थ्यांना खरे वाटणार नाही, पण ते खरे आहे.

सर्वांत कठीण लढाई आपल्या देशात झाली. १९७४ साली एकट्या भारतात १,८८,००० रोगी नोंदले गेले आणि त्यांतील मोठा भाग बिहारमधील होता. तेव्हा सरकारी पातळीवर असा सूर निघाला की, हे रोगी शोधणे पुरे झाले, आता पूर्वीप्रमाणे सरसकट सर्वांना टोचू. फॉगी यांनी लिहून ठेवले आहे की, त्या बैठकीत खेड्यातून आलेला एक तरुण डॉक्टर उठला आणि म्हणाला, आमच्या गावात एका घराला आग लागली तर आम्ही त्याच घरावर पाणी ओततो, साऱ्या गावावर नाही. मोहीम पुढे चालू राहिली. लाखाहून अधिक कर्मचारी देवी आलेल्या मुलाचे चित्र असलेले कार्ड हातात घेऊन घरोघर फिरत; एका फेरीत देशातील सुमारे दहा कोटी घरे पालथी घातली जात. रोगी दाखविणाऱ्यास बक्षीस होते, ते वाढवीत वाढवीत अखेरीस हजार रुपयांपर्यंत नेले गेले. २४ मे १९७५ हा भारतातील शेवटचा रोगी नोंदल्याचा दिवस. त्यापूर्वी वर्षभर आधी देशात अखंड साथ होती, हे लक्षात घ्यावे.

जगातील नैसर्गिकरीत्या झालेला शेवटचा रोगी ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातील मेर्का गावी सापडला. अली माओ मालिन हे त्याचे नाव. तो इस्पितळात स्वयंपाकी होता आणि सुई दुखेल या भीतीने त्याने लस घेणे टाळले होते. तो बरा झाला. पुढे आपल्या देशात पोलिओची लस पाजण्याच्या कामात तो पडला आणि घाबरणाऱ्या आईबापांना स्वतःची हकीकत सांगत असे. ते काम करीत असतानाच २०१३ साली हिवतापाने त्याचा मृत्यू झाला. ८ मे १९८० रोजी देवीचा रोग जगातून गेल्याचे जाहीर झाले. ज्या देवीला शतकानुशतके नैवेद्य दाखविला ती दुभंगलेल्या सुईने आणि पायी हिंडणाऱ्या माणसांनी हद्दपार केली.

पटकीचीही कथा अशीच. साथ आली की मरीआईचा गाडा ओढून शिवेपलीकडे नेऊन सोडायचा आणि तो ओढण्याचे, पुजण्याचे काम कोणाच्या वाट्याला येई हे आमच्या वाचकांना सांगायला नको. शिवेपलीकडच्या गावाने काय करावे, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. या रोगात जुलाबावाटे अंगातील पाणी आणि क्षार निघून जातात व माणूस काही तासांत सुकून मरतो. शिरेतून सलाईन द्यावे तर ते महाग आणि त्यासाठी इस्पितळ हवे. १९६० नंतर शास्त्रज्ञांना उमगले की, साखर (ग्लुकोज) आणि मीठ एकत्र दिले तर आतडे ते दोन्ही पाण्यासह शोषून घेते, मग जुलाब चालू का असेनात. ढाक्क्याच्या इस्पितळात त्याचे प्रयोग झाले. पण इस्पितळाबाहेर ते चालेल काय?

१९७१ साली बांगलादेशचे निर्वासित लाखोंनी बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेथील डॉ. दिलीप महालनबीस यांनी एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा या मापाने पुड्या बांधून घेतल्या. ते पाणी पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच सांगितले की, पेल्याने पाजत राहा. छावणीतील मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या घरातून ३.६ वर आले. सात वर्षांनी 'लॅन्सेट' या प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकाने या शोधाला शतकातील कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटले. महालनबीस २०२२ साली वारले. त्यानंतर त्यांना पद्मविभूषण मिळाले. आज दवाखान्यात फुकट मिणाऱ्या जलसंजीवनीच्या पुडीमागे ही हकीकत आहे.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर महाडचे नाव घेतलेच पाहिजे. २० मार्च १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाकडे आपण समतेचा संग्राम म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. नगरपालिकेने १९२४ सालीच तळे खुले केले होते, तरी सत्याग्रह करावा लागला आणि हायकोर्टाचा निकाल मिळायला १९३७ साल लागले. पण ज्याला चांगल्या पाण्यावर जाऊ देत नाहीत त्याला वाईट पाणी प्यावे लागते आणि वाईट पाण्याने आधी मरते ते लहान मूल. महाडचा प्रश्न मानाचा होता, तितकाच जिवाचाही होता. ही बाजू आपल्या व्याख्यानांतून फारशी मांडली जात नाही.

मुले जगू लागली तसे घरच बदलले. १९०० साली जगाची लोकसंख्या सुमारे १६० कोटी होती, ती १९९९ साली ६०० कोटी झाली. लोकांना मुले जास्त होऊ लागली म्हणून नव्हे, तर झालेली मुले वाचू लागली म्हणून. पुढे आईबापांचा विश्वास बसत गेला तशी मुलांची संख्याही घटली. आपल्याकडे १९५० च्या सुमारास एका स्त्रीला सरासरी सहा मुले होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत ही सरासरी दोनवर आली. जिचे अर्धे आयुष्य बाळंतपणात आणि सुतकात जाई ती शाळेत, कचेरीत दिसू लागली. याची इतरही कारणे आहेत, परंतु हे एक मोठे कारण आहे.

हे सर्व खरे असले तरी हिशेब पुरा झालेला नाही. सरकारी आकड्यांनुसार १९५१ च्या सुमारास आपल्या देशात जन्मणाऱ्या हजार मुलांपैकी १४६ वर्षाच्या आत मरत. २०२० साली हा आकडा २८ होता. पण त्याच वर्षी केरळात तो ६ होता आणि मध्य प्रदेशात ४३. एकाच देशात, एकाच कायद्याखाली एवढा फरक! केरळजवळ असे कोणते औषध आहे जे मध्य प्रदेशात मिळत नाही? आपल्या महाराष्ट्रातही १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंची बातमी आली तेव्हा सारे राज्य हादरले होते.

आज जी मुले मरतात त्यांतील निम्म्याहून अधिक जन्मानंतर महिन्याभरातच मरतात. यावर गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी केलेले काम मुळातून समजून घेण्यासारखे आहे. त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केले. बाळाला ऊब कशी द्यावी, आईचे दूध लगेच कसे सुरू करावे, वजन कसे करावे, न्यूमोनिया कसा ओळखावा, जंतुदोष झाल्यास इंजेक्शन कसे द्यावे, हे त्या शिकल्या. ज्यांना अंक येत नव्हते अशा सुइणींसाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे साधे उपकरण तयार केले गेले. १९९९ साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला, तेव्हा त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आलेले होते.

याच पद्धतीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटी सुरू झाल्या. बाळंतपण इस्पितळात झाले असेल तर जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी, आणि घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची एक अधिक, अशी ही व्यवस्था आहे. बाळ दूध ओढत नसेल, अंग थंड लागत असेल किंवा फार तापले असेल, श्वास भराभर चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, तर पुढील भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. आपल्या वस्तीत ज्या घरी बाळंतीण असेल तेथे या भेटी होतात की नाही, हे संघाच्या महिला मंडळाला सहज विचारता येईल.